मुलाला कलेच्या शाळेंत घालावें काय?

गेल्या दिवाळींत माझी मुलगी पुण्याहून माहेरीं आली, ती सामानाबरोबर तीन शाळांचीं माहितीपत्रकें घेऊन आली. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, तेव्हां सहाव्या वर्षांत होती आणि जूनमध्यें तिला पहिलींत घालावयाचें होतें. तीन शाळांपैकीं एक मोठी, दीड हजार मुलांची. उरलेल्या दोन लहान. एकींत सत्तर मुलें, दुसरींत जेमतेम पन्नास. या दोन्ही लहान शाळांच्या पत्रकांवर लिहिलें होतें कीं, येथें चित्र, गाणें, नाट्य आणि हस्तकाम यांच्या द्वारें सर्व विषय शिकविले जातात. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर मुलं शिकविलींत. हिला असल्या लहान शाळेंत घालावं का, तुम्हीच सांगा. हे म्हणतात, ही शाळा आहे कीं खेळ?"

मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. मी सोनाळ्याचा. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, संत सोनाजी महाराजांच्या नांवानें ओळखलें जाणारें हें गांव. शाळा निवडणें ही गोष्ट आमच्या पिढीस येथें ठाऊकच नव्हती. जी जवळ, ती आपली. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि निवृत्त होईपर्यंत याच भागांतल्या प्राथमिक शाळांतून मास्तरकी केली. तेव्हां शहरांतल्या नव्या शाळांविषयीं अधिकारानें बोलण्याचा आव मी आणीत नाहीं. परंतु माझ्या गप्प राहण्याचें खरें कारण अनुभवाची उणीव हें नव्हतें. तें कारण आधीं सांगितल्यावांचून पुढें बोलणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

१९९२ सालच्या सुमाराची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गांत एक मुलगा होता. वजाबाकीचीं गणितें घातलीं कीं तो तीं अर्धवट सोडी आणि वहीच्या कडेला विहिरीवरचें इंजिन काढीत बसे. चाक, पट्टा, पाण्याचा नळ, नळाचा वांक, सगळें जेथल्या तेथें. एके दिवशीं मीं तें पान सर्व वर्गासमक्ष फाडलें आणि त्याच्याकडून तींच गणितें दहा वेळां लिहवून घेतलीं. त्यानें निमूटपणें लिहिलीं. त्या दिवसानंतर त्याच्या वहींत चित्र म्हणून दिसलें नाहीं. गणितांत तो पास झाला, आणि मीं याला शिस्त म्हटलें. मुलीनें पत्रकें पुढें ठेवलीं तेव्हां मला प्रथम आठवलें तें हें फाडलेलें पान.

असो. मग मीं मुलीला सांगितलें कीं मला थोडा वेळ दे. त्या वेळांत जें वाचलें, पुण्यास जाऊन जें पाहिलें, आणि माझ्या स्वतःच्या वर्गांविषयीं जें नव्यानें ध्यानांत आलें, तें आज आपणांपुढें मांडीत आहें. ज्या घरांत हाच प्रश्न आज ना उद्यां निघणार आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा एवढाच हेतु.

पहिली गोष्ट ही कीं, असल्या शाळा म्हणजे हल्लींच्या श्रीमंत शहरांतलें नवें खूळ, असा जो समज आहे तो खरा नव्हे. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९०१ सालच्या डिसेंबरांत शांतिनिकेतनांत शाळा काढली, तेव्हां तींत विद्यार्थी होते पांच. झाडाखालीं वर्ग भरत, आणि गाणें, नाटक व चित्र हीं शाळेच्या रोजच्या जीवनाचा भाग होतीं. १९१९ सालीं तेथें कलाभवन सुरू झालें. योगायोग असा कीं, त्याच १९१९ सालीं जर्मनींतील श्टुटगार्ट शहरीं रुडॉल्फ श्टायनर यांनीं एका सिगारेटच्या कारखान्यांतील कामगारांच्या मुलांसाठीं शाळा काढली. तींतही रंग, संगीत व हातकाम हीं प्रत्येक विषयांत मिसळलेलीं होतीं. आज वाल्डोर्फ या नांवानें ज्या शाळा देशोदेशीं चालतात, आणि आपल्याकडे मुंबई-हैदराबादेसही आहेत, त्यांचें मूळ तेथें आहे. श्रीमंतांची चैन म्हणून ज्याकडे आपण पाहतों, त्याचा जन्म कामगारांच्या मुलांसाठीं झाला हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्या विदर्भाचा वांटा तर याहूनही मोठा. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही गांधीजींची योजना, म्हणजे पुढें नयी तालीम म्हणून प्रसिद्ध झालेली पद्धति, देशापुढें आली. सेवाग्रामचें हें काम ज्यांनीं चालविलें तें आर्यनायकम् दांपत्य शांतिनिकेतनांतूनच आलेलें होतें. १९४४ सालीं तेथीलच कलाभवनांत शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. ते स्वतः चित्रकार व कुंभारकामांतले जाणकार. सूत कांतणारीं, शेतांत खपणारीं खेड्यांतलीं मुलें त्यांच्यापाशीं चित्रें काढीत. कला हाच शिक्षणाचा पाया, असें त्यांनीं आपल्या एका ग्रंथाच्या नांवांतच सांगून ठेवलें आहे. तेथील शाळा मध्यंतरीं बंद पडली होती. २००५ साली त्याच परिसरांत आनंद निकेतन या नांवानें ती पुन्हां सुरू झाली.

तीच गोष्ट ताराबाई मोडकांची. कांहीं काळ अमरावतीस राहिलेल्या या बाईंनीं गिजुभाई बधेक्यांबरोबर १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापला आणि १९४५ मध्यें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस खेड्यांतल्या मुलांसाठीं बालवाडीचें काम सुरू केलें. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशीं बनावटीचीं महाग साधनें बाजूस ठेवून गांवांत मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांनीं काम भागविलें. पुढें लीलाताई पाटलांनीं १९८५ सालीं कोल्हापुरास सृजन आनंद विद्यालय काढलें, मॅक्सीन बर्नसन यांनीं १९८६ मध्यें फलटणला कमला निंबकर बालभवन, आणि १९९२ मध्यें पुण्यास अक्षरनंदन सुरू झालें. या सर्वांना सरसकट कलेच्या शाळा म्हणणें बरोबर होणार नाहीं. प्रत्येकीची वाट निराळी आहे. पण मुलाच्या हाताला आणि कल्पनेला अभ्यासाच्या मध्यभागीं जागा द्यावयाची, हा धागा सर्वांत आहे. आणि यांतल्या बहुतेक शाळा मराठींतून शिकवितात, हेंही सांगितलें पाहिजे.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. कलेच्या द्वारें शिकविणें म्हणजे काय? आठवड्यांतून दोन तास चित्रकलेचे, हें नव्हे. तें तर आमच्या वेळापत्रकांतही होतें. त्या तासाला मी इतिहासाचा राहिलेला धडा उरकीत असें. एका साध्या उदाहरणानें सांगतों. समजा, वर्गांत मुळासकट उपटलेलें ज्वारीचें एक ताट आणलें आणि मुलांना सांगितलें कीं, जें दिसतें तें काढा. मूल प्रथम आपल्या मनांतलें झाड काढतें: एक दांडा, दोन्ही बाजूंना समोरासमोर पानें. शिक्षक "चुकलें" म्हणत नाहीं. तो म्हणतो, पुन्हां पाहा. मग कोणाच्या तरी ध्यानांत येतें कीं पानें समोरासमोर नाहींत, एक या बाजूस तर पुढलें त्या बाजूस. कोणाला खालच्या पेरापाशीं जमिनीच्या वर निघालेल्या मुळ्यांचा घेर दिसतो, जो ज्वारीच्या राज्यांत जन्मलेल्या आपल्यांतल्याही पुष्कळांनीं नीट पाहिलेला नसतो. कोणी वितीनें उंची मोजतो. दुसऱ्याची वीत लहान निघाली कीं भांडण होतें, आणि त्या भांडणांतून फूटपट्टीची गरज कळते. शेवटीं सर्वजण चार ओळी लिहितात. आणि लिहावयास त्यांच्याजवळ कांहीं तरी असतें. विज्ञान, गणित व भाषा हे तीनही विषय येथें झाले, पण सुरुवात झाली निरखून पाहण्यापासून. कला म्हणजे येथें लक्षपूर्वक पाहण्याची रीति. चित्र सुंदर झालें कीं नाहीं, हा प्रश्न दुय्यम.

यासाठीं मुलांच्या चित्रांविषयीं थोडें जाणून घेणें अवश्य आहे, कारण बहुतेक पालक येथेंच फसतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञानें १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. सुमारें दोन ते चार वर्षांपर्यंत नुसत्या रेघोट्या. मग सातव्या वर्षापर्यंत डोक्यालाच हात-पाय फुटलेलीं माणसें. त्यानंतर नवव्या वर्षापर्यंत कागदाच्या तळाशीं जमिनीची एक रेघ आणि तिच्यावर रांगेनें उभें सारें जग. आणि पुढें "खऱ्यासारखें" काढण्याची धडपड. या वयाचें मूल जें महत्त्वाचें तें मोठें काढतें. घरापेक्षां आई मोठी निघाली तर ती चूक नव्हे, तें त्याचें म्हणणें आहे. भिंतीआड बसलेलें माणूसही तें भिंतींतून दिसल्याप्रमाणें काढतें, कारण तें आंत आहे हें त्याला ठाऊक असतें. अशा वेळीं "आंबा असा काढ" म्हणून आपण फळ्यावर आंबा काढून दिला, कीं मूल आपला आंबा सोडून आपल्या मास्तरांचा आंबा काढूं लागतें. माझ्या हातून असे शेंकडों आंबे निघालेले आहेत, आणि ते सगळे एकसारखे होते.

कित्येक पालक मला विचारतात कीं, कलेमुळें गणितांत व भाषेंत गुण वाढतात ना? याचें उत्तर स्पष्ट दिलें पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठांतील प्रोजेक्ट झीरो या संशोधनकेंद्रांतून एलन विनर व लोइस हेटलंड या दोन विदुषींनीं अनेक दशकांतील अभ्यास एकत्र करून तपासले आणि २००० सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चित्रकला शिकल्यानें गणिताचे किंवा वाचनाचे गुण वाढतात, हें त्यांना खात्रीलायकपणें सिद्ध झालेलें आढळलें नाहीं. वर्गांत धडा नाट्यरूपानें करविल्यास भाषेस मदत होते, याचा पुरावा मात्र भक्कम निघाला. पुढें २००७ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कलेचे वर्ग बारकाईनें पाहून असें दाखविलें कीं, चांगल्या कलाशिक्षणानें निरखून पाहणें, काम अवघड झालें तरी न सोडणें, डोळ्यांपुढें नसलेलें मनांत उभें करणें आणि आपलेंच काम पुन्हां तपासणें, अशा संवयी जोपासल्या जातात. तेव्हां गुणपत्रिका फुगेल या आशेनें मुलाला अशा शाळेंत घालूं नये. या संवयी आपल्याला मोलाच्या वाटत असतील तरच घालावें. आणखी एक गैरसमज: आपल्या राज्यांत एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा असतात आणि त्यांचा दहावीच्या गुणांतही लाभ मिळतो. त्या चांगल्या आहेत. परंतु त्या हाताच्या कौशल्याच्या परीक्षा आहेत. कलेच्या द्वारें शिकविणारी शाळा त्यांची शिकवणी नव्हे.

आतां शाळा पाहावी कशी? मीं पुण्यास जाऊन त्या दोन्ही लहान शाळांत एकेक दिवस बसून पाहिलें. त्यांचीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं. पहिली शाळा पाहतांक्षणीं मन मोहून जावें अशी. दारांत मातीचीं भांडीं, भिंतींवर वारली पद्धतीचीं चित्रें, वर्गांत गाद्या. पण एका वर्गांत भिंतीवर चोवीस मोर लावले होते, आणि चोवीसही मोरांची मान एकाच बाजूस वळलेली होती, पिसाऱ्यांत डोळेही तितकेच. मला माझे आंबे आठवले. दुसऱ्या शाळेंत भिंती साध्या, रंगाचे डाग पडलेल्या. तेथें "पाऊस" या विषयावर चित्रें होतीं. एकांत छत्री, दुसऱ्यांत गळणारें घर व खालीं ठेवलेलीं भांडीं, तिसऱ्यांत कागदभर नुसत्या काळ्या तिरप्या रेघा, आणि एका चित्रांत पाऊसच नव्हता; वाळत टाकलेले कपडे होते. मीं त्या मुलाला विचारलें, "पाऊस कुठं आहे?" तो म्हणाला, "अजून यायचा आहे. आई कपडे काढायला धांवणार आहे."

श्रोतेहो, माझ्या मतें सर्वांत मोठी कसोटी ही आहे. भिंतीवरचीं चित्रें एकमेकांपासून वेगळीं आहेत काय, हें पाहा. जेथें चोवीस मुलांचीं चोवीस चित्रें एकसारखीं, तेथें कला ही शोभा आहे; शिक्षण पूर्वीचेंच आहे, फक्त पाढ्यांऐवजीं मोर घोकले जात आहेत. वार्षिक समारंभावर आणि माहितीपत्रकावर भाळूं नये. समारंभ मोठ्यांनीं बसविलेला असतो.

दुसरी कसोटी वाचन-लेखन-गणिताची. कलेच्या नांवावर या तीन गोष्टी ढिल्या पडूं देणारी शाळा मुलाशीं अन्यायच करते. तिसरी-चौथींतल्या मुलाच्या हातीं अनोळखी पुस्तक द्यावें आणि वाचावयास सांगावें. त्यानें स्वतः लिहिलेलें पान पाहावें. सव्वा किलो साखरेचा हिशेब तोंडीं विचारावा. श्टायनरच्या पद्धतींत वाचन मुद्दाम सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू करतात. तेव्हां सहा वर्षांचें मूल वाचीत नाहीं म्हणून घाबरूं नये. पण नऊ-दहा वर्षांचें मूल अडखळत असेल, तर "प्रत्येक मूल आपल्या गतीनें शिकतें" या उत्तरावर समाधान मानूं नये. त्या मुलासाठीं रोज नेमकें काय करतां, असें विचारावें. चांगल्या शाळेजवळ याचें उत्तर तयार असतें.

तिसरी कसोटी अशी कीं, ज्याला चित्र येत नाहीं अशा मुलाचें तेथें काय होतें तें पाहावें. कलेच्या शाळेंतही हुशार हाताचीं चार मुलें पुढें येतात आणि बाकीचीं ब्रश धुतात, असें होऊं शकतें. जो मुलगा कोपऱ्यांत नुसता बसला आहे, त्याच्याजवळ शिक्षक कितीदां जातो, हें अर्ध्या दिवसांत कळतें.

चौथी कसोटी शिक्षकांची. लहान शाळा दोन-तीन माणसांच्या जिवावर उभी असते. तीं गेलीं कीं शाळेचें नुसतें नांव राहतें. म्हणून कोण किती वर्षें आहे, हें विचारावें. येथें पैशाचा हिशेबही आला. समजा, साठ मुलें व सहा शिक्षक आहेत. प्रत्येकास महिना वीस हजार रुपये द्यावयाचे तर पगाराचेच एक लाख वीस हजार होतात. म्हणजे दर मुलामागें महिना दोन हजार, आणि त्यांत जागेचें भाडें, कागद, रंग व वीज अजून आलेली नाहीं. एका वर्गांत मुलें कमी असणें ही फुकट मिळणारी गोष्ट नव्हे. फी अगदीं थोडी असेल तर उरलेला पैसा कोठून येतो हें विचारावें; फी भरमसाट असेल तर त्यांतला शिक्षकाच्या हातीं किती पडतो हें विचारावें. पोटाला चिमटा घेऊन शिकविणारा शिक्षक फार दिवस टिकत नाहीं.

पांचवी कसोटी कागदपत्रांची. ती रुक्ष आहे, पण टाळूं नये. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें मान्यतेवांचून शाळा चालवितां येत नाहीं, आणि प्रवेशासाठीं मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करतां येत नाहीं. तरीही कांहीं लहान शाळा शिक्षणकेंद्र म्हणून मान्यतेशिवाय चालतात. तेथील मुलांना पुढें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या द्वारें किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस बसतां येतें. हा मार्ग बंद नाहीं. पण तो आहे हें आधीं माहीत असावें, नववींत कळूं नये. शाळा कितव्या इयत्तेपर्यंत आहे आणि येथून निघालेलीं मुलें पुढें कोठें गेलीं, हें विचारून त्यांतल्या दोघां-तिघां पालकांना प्रत्यक्ष भेटावें. शाळा जें सांगत नाहीं तें ते सांगतात.

शाळेच्या कसोट्या येथें संपल्या. सहावी कसोटी आपली, म्हणजे पालकांची आहे, आणि पुष्कळ मुलें अडतात तीं या ठिकाणीं. माझ्या जांवयांना मीं विचारलें, "शेजारच्या मुलीला इंग्रजी कविता येतात, वीसपर्यंत पाढे येतात; तुमच्या मुलीनें आठवडाभर गेरू कालवला. तुम्हांला झोंप येईल काय?" ते हंसले, पण उत्तर दिलें नाहीं, आणि तें मला आवडलें. दिवसा शाळा म्हणते, स्वतः पाहा. आणि संध्याकाळीं घर म्हणतें, पुस्तकांतलें उत्तर पाठ कर. या दोहोंच्या ओढाताणींत मूल ना इकडचें राहतें ना तिकडचें. ज्या घराला ही धास्ती पेलणार नाहीं, त्यानें जवळच्या चांगल्या साध्या शाळेंत मूल घालावें आणि घरीं त्याला कागद, रंग व मोकळा वेळ द्यावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आदर्श शाळेसाठीं रोज दोन तास गाडींत घालविणाऱ्या मुलापेक्षां, जवळच्या शाळेंतून चारला घरीं येऊन मातींत खेळणारें मूल पुष्कळदां अधिक शिकतें.

आणि जेथें अशी शाळाच नाहीं त्यांनीं काय करावें? आमच्या सोनाळ्यासारख्या गांवीं ती निघण्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. पोळ्याला मुलें मातीचे बैल करतात. त्यांत शिंगाचा वांक व वशिंडाचा उंचवटा साधण्यासाठीं जें निरखणें लागतें, तें कोणत्याही धड्याहून कमी नाहीं. भुलाबाईचीं गाणीं म्हणतांना मुलींना शेंकडों ओळी न शिकवितां पाठ होतात. हें सगळें शाळेच्या दाराबाहेर होतें, आणि आम्ही मास्तर तें दाराबाहेरच ठेवीत आलों. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें व २०२० च्या शिक्षणधोरणानेंही कला सर्व विषयांत मिसळण्यास सांगितलें आहे. म्हणजे आतां परवानगीची अडचण नाहीं. पालकांनीं आपल्या साध्या शाळेपाशीं एवढेंच मागावें: मुलांच्या स्वतःच्या चित्रांसाठीं एक भिंत, आणि चित्रकलेच्या तासाला खरोखरच चित्र. हें मागणें लहान आहे, पण मीं तें नोकरींत असतांना कोणा पालकाकडून एकदांही ऐकलें नाहीं. ऐकलें असतें तर फार बरें झालें असतें.

शेवटीं नातीचें काय झालें तें सांगतों. मुलीनें व जांवयांनीं दुसरी शाळा, पावसाच्या चित्रांची, पसंत केली. पण आंधळेपणानें नव्हे. त्यांनीं आपसांत ठरविलें कीं तीन वर्षें मध्यें ढवळाढवळ करावयाची नाहीं, आणि तिसरीच्या अखेरीस वाचन, लेखन व हिशेब पाहून पुढचें ठरवावयाचें. मला हा करार शहाणपणाचा वाटला. ज्याला मुदत नाहीं तो धीर महिन्याभरांत सुटतो. आणि जो करार कधींच तपासावयाचा नाहीं ती नुसती श्रद्धा होते. जूनमध्यें ती शाळेंत जाऊं लागली. निवड बरोबर होती कीं चुकीची, हें मला आज सांगतां येणार नाहीं.

आणि तो इंजिनाचीं चित्रें काढणारा मुलगा? तो येथेंच आहे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचें त्याचें दुकान आहे. पुण्याहून परत आल्यावर मी मुद्दाम त्याच्याकडे गेलों. एक शेतकरी पंप घेऊन आला होता आणि बिघाड काय आहे तें त्याला कळत नव्हतें. यानें खोक्याचें झांकण ओढलें, कानावरची पेन्सिल घेतली आणि पंपाचें पोट उघडून दाखवावें तसें चित्र काढून पाणी कोठें अडतें तें समजावून दिलें. तो शेतकरी गेल्यावर मीं त्याला फाडलेल्या पानाची गोष्ट सांगितली आणि झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटतें असें म्हणालों. तो म्हणाला, "गुरुजी, मला तर आठवतही नाहीं." तें खरें असेल, किंवा माझा मान राखण्यासाठीं तो तसें म्हणाला असेल. झांकण मीं त्याच्याकडून मागून घेतलें. तें आमच्या ओसरीवर भिंतीला लावलें आहे, आणि त्याच्या शेजारीं नातीनें धाडलेलें एक चित्र आहे. त्यांत मी घरापेक्षां मोठा आहें. तें चुकलें आहे, असें मीं तिला कळविलेलें नाहीं.